आठ आउटपुटांचा १० मेगाहर्ट्झ वितरण ॲम्प्लिफायर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

रुबिडियम स्रोताचा (रुबिडियम अणूंवर आधारलेल्या अचूक वारंवारता-स्रोताचा) १० मेगाहर्ट्झचा संदर्भ संकेत काउंटर, सिग्नल जनरेटर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर यांना एकाच वेळी मिळावा, म्हणून मी हा ॲम्प्लिफायर स्वतः बांधला. फ्लिकर नॉइज (कमी वारंवारतेला वाढत जाणारा नॉइज) वाहकाच्या, म्हणजे १० मेगाहर्ट्झच्या मूळ संकेताच्या, दोन्ही अंगांना येऊन बसतो तो ट्रान्झिस्टरच्या अरेषीय वर्तनामुळे. म्हणून एमिटरमधील रोधाला बायपास कपॅसिटर लावला नाही आणि गेन खुशाल गमावला. प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र कॅस्कोड टप्पा (एकावर एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) दिला, जेणेकरून एका तोंडाशी घडलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये. ही काळजी लवकरच कामी आली, कारण माझ्या जुन्या काउंटरच्या संदर्भ इनपुटातून त्याचाच अंतर्गत ऑसिलेटर बाहेर झिरपतो.

आउटपुट १३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), म्हणजे ५० ओममध्ये १ व्होल्ट आरएमएस आहे. औष्णिक नॉइजचा निम्मा वाटा फेजकडे जातो, तो हर्ट्झमागे −१७७ डीबीएम. त्यामुळे या पातळीवर फेज नॉइजचा आदर्श तळ हर्ट्झमागे −१९० डीबीसी (वाहकाच्या तुलनेत डेसिबल) येतो. माझा ॲम्प्लिफायर त्याच्या जवळपासही नाही. पण रुबिडियम स्रोत तरी कुठे आहे?

खरा त्रास घरच्या विजेच्या ५० हर्ट्झने दिला. ग्राउंड लूप (उपकरणांच्या जमीन-जोडण्यांतून बनणारे वेटोळे) तोडण्यासाठी प्रत्येक आउटपुटला ट्रान्सफॉर्मर होता, तरी वाहकाशेजारची ती रेघ जाईना. दोष माझाच होता: साधे बीएनसी (केबल जोडायचे कनेक्टर) धातूच्या पेटीत घट्ट आवळल्यामुळे ट्रान्सफॉर्मरने तोडलेली जमीन पत्र्यातून पुन्हा जोडली जात होती. इन्सुलेटेड बीएनसी बसवल्यावरच ती रेघ नाहीशी झाली. १०० हर्ट्झची रेघ मात्र वीजपुरवठ्याच्या रेक्टिफायरची होती. रेग्युलेटर बदलल्यावर ती बरीच खाली गेली.

मोजणीसाठी दोन आउटपुटे मिक्सरला (दोन संकेतांतील फेजचा फरक व्होल्टेजरूपात देणाऱ्या घटकाला) दिली आणि एका बाजूला सुमारे ५ मीटर आरजी-५८ केबल जास्त ठेवून २५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे ९० अंशांचा फरक साधला. स्रोताचा नॉइज दोन्हींत सारखा असल्याने जवळजवळ वजा होतो; परंतु सामाईक इनपुट टप्प्याचाही होतो, हे मला फार उशिरा ध्यानात आले, आणि पहिल्या दोन महिन्यांचे समाधान त्यामुळे थोडे फुकाचे ठरले.

उन्हाळ्यात दुपारी फेज सरकताना दिसते. १००० सेकंदांत १० पिकोसेकंद सरकणे म्हणजे वारंवारतेत १०⁻¹⁴ इतका सापेक्ष फरक. रुबिडियमसाठी ते खपते, हायड्रोजन मेझरसाठी (त्याहून स्थिर अणु-स्रोतासाठी) खपले नसते. आठवे आउटपुट मी कोणत्याच उपकरणाला देत नाही. एरवी ५० ओमच्या टर्मिनेशनने बंद असलेले ते तोंड फक्त मोजणीपुरते उघडतो.