साध्या ४के टीव्हीवर पीएस५: एचडीआर चालू ठेवायचं की बंद?

टीव्ही तीस-चाळीस हजारातला, कोपऱ्यात एचडीआरचा (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेलं चित्र) स्टिकर, खाली पीएस५ गेम कन्सोल, आणि व्हिडिओ आउटपुटच्या मेन्यूत गाडी अडकलीय की एचडीआर ऑन करू की ऑफ. असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो) किंवा चांगला मिनी एलईडी (मागे भरपूर बारीक दिवे असतात तो) टीव्ही असेल तर खुशाल ऑन करा आणि खेळायला बसा. खारघरला मित्राकडे ओएलईडी आहे, रात्री लाइट घालवून बसलो की बोगद्यातून गाडी बाहेर पडताना डोळे खरंच बारीक होतात, तिथे एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेलं नेहमीचं चित्र, लावणं म्हणजे घरात आमरस असताना पोळी लोणच्याशी खाणं.

आमच्याकडची गोष्ट वेगळी. घोडबंदर रोडला घर, गॅलरीचं तोंड येऊरच्या बाजूला, म्हणजे चार वाजले की ऊन थेट हॉलमध्ये. आणि रात्री आठपासून टीव्ही सिरियलवाल्यांचा, त्यात वाद नाही, त्यामुळे माझं खेळणं बहुतेक रविवार दुपार ते संध्याकाळ.

आधी एचडीआरचं चांगलं ते सांगतो, कारण ते खोटं नाहीये. सूर्यास्ताचं आकाश एसडीआरमध्ये बऱ्याचदा पांढरा ठिपका आणि भोवती पिवळं असं होतं, एचडीआरमध्ये त्याच ढगांच्या कडा, मधले केशरी थर वेगळे दिसतात. धुक्यात किंवा पाण्याखाली रंगाचे पट्टे पडतात ना, तेही कमी होतात. माझ्या साध्या टीव्हीवर सुद्धा हा फरक दिसतो, नाही म्हणणार नाही.

पण मग गुहा येते. दुपारची वेळ, हिरो हातात मशाल घेऊन आत शिरतो, आणि स्क्रीनवर मला काय दिसतं तर गॅलरीत वाळत घातलेली आईची साडी. अगदी काठ ओळखता येतो. हिरो कुठेतरी तिच्या मागे आहे, भिंतीवर पकडायची जागा आहे म्हणे, आपण आपलं अंदाजाने उडी मारायची. बरं ब्राइटनेस वाढवावा म्हटलं तर वाढवणार कुठून, एचडीआर सिग्नल आला की टीव्हीने बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) आधीच शंभरवर नेलेला असतो. एसडीआरमध्ये तसं नाही, तिथे बॅकलाइट वर ढकलला की गुहेसकट सगळं चित्र उजळतं.

ह्यामागचं कारण एकदा कळलं की टीव्हीवरचा राग जरा कमी होतो. एसडीआरचं चित्र साधारण १०० निट्स (उजेडाचं माप) धरून बनवतात आणि ते सापेक्ष असतं, टीव्ही ३०० निट्सचा असला तर सगळंच्या सगळं तिप्पट उजळ करून दाखवतो. एचडीआर10 मध्ये (पीएस५ वापरतो तो एचडीआरचा प्रकार) मात्र कुठला पिक्सेल किती निट्सचा हे सिग्नलमध्येच ठरलेलं असतं, मोजपट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते, आणि सगळा हिशोब अंधाऱ्या खोलीचा. आपल्या टीव्हीकडे तेवढी ताकद नसते, मग तो वरचा उजेड कोंबून बसवतो, त्यात मधलं चित्रही बऱ्याचदा दबतं. स्टिकरचा अर्थ एवढाच की सिग्नल घेता येतो, तो दाखवता येतो असं कुठे लिहिलंय. रात्री उलटा त्रास, लोकल डिमिंग (फक्त काळ्या भागामागचा दिवा मंद करणं) नसल्यामुळे फुल बॅकलाइट काळ्याच्या मागूनही पाझरतो आणि रात्रीचं आकाश राखाडी दिसतं.

पडदे लावून पाहिले की. दोन मिनिटांत आतून आवाज, दिवसाढवळ्या काय अंधार करून बसलायस रे. मे महिन्यात पडदे लावून हॉलमध्ये बसणं हा तसाही प्रकार नाही. माझ्यापुरतं तिथेच ठरलं, गेम नीट दिसावा म्हणून घराचं वेळापत्रक बदलायला लागत असेल तर ते सेटिंग आपल्यासाठी नाही.

तुम्ही रात्री एकटे खेळणारे असाल तर कदाचित उलटं म्हणाल, आणि बरोबरच असेल. तसं असेल तर निदान कन्सोलमधलं अॅडजस्ट एचडीआर नीट करा. तिथे स्क्रीनवर येणारं चिन्ह जेमतेम दिसेनासं होईपर्यंत न्यायचं असतं, पण टीव्हीचं डायनॅमिक टोन मॅपिंग (सीननुसार उजेड आपोआप बदलणं) किंवा तसलं काही चालू असेल तर ते चिन्ह पार शेवटपर्यंत दिसतच राहतं, कारण टीव्ही मधल्या मधे उजेड बदलतोय, मग कन्सोलला चुकीची माहिती जाते. टीव्हीत एचजीआयजी (टीव्ही उजेडात ढवळाढवळ न करता कन्सोलचा हिशोब पाळतो तो मोड) असेल तर ते लावा, नसेल तर असले डायनॅमिक प्रकार बंद करून मग मोजा. आणि कन्सोलच्या एचडीआर सेटिंगमध्ये ऑलवेज ऑनच्या ऐवजी ऑन व्हेन सपोर्टेड (गेम एचडीआरचा असेल तेव्हाच) घ्या, नाहीतर जुने पीएस४ गेम आणि यूट्यूब पण एचडीआरमध्ये बदलून जातात आणि फिकट दिसतात. बदलताना स्क्रीन क्षणभर काळी होते, तेवढं चालतं.

अजून एक बारीक गोष्ट, सोफ्यावरून कळणार नाही पण जवळ बसणाऱ्याला कळेल. टीव्हीचा पोर्ट एचडीएमआय २.० असेल तर ४के ६० ला एसडीआर पूर्ण आरजीबी (रंगाची सगळी माहिती) जातो, एचडीआर मात्र त्या वायरीत मावत नाही म्हणून कन्सोल वाययूव्ही ४२२ वर (रंगाची माहिती कमी करून) उतरतो, व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशनमध्ये दिसेल. काळ्यावर लाल बारीक अक्षरं असली, म्हणजे आरोग्याचा पट्टा, गोळ्यांचा आकडा वगैरे, की कडा किंचित विरघळल्यासारख्या वाटतात. हे काही निर्णायक नाही, पण एसडीआरच्या पारड्यात अजून एक चिमूट.



एचडीआर ऑफ करून बघणार असाल तर लगेच मत बनवू नका. टीव्ही एसडीआर आणि एचडीआरची पिक्चर सेटिंग वेगवेगळी लक्षात ठेवतो, त्यामुळे ऑफ केल्यावर कंपनीचंच डिफॉल्ट येतं, बॅकलाइट अर्ध्यावर आणि शार्पनेस भरमसाट. गेम मोड ठेवूनच बॅकलाइट खोलीच्या उजेडाप्रमाणे वर न्या, शार्पनेस जवळजवळ शून्यावर, कलर टेंपरेचर वॉर्म. कन्सोलमधली आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) ऑटोमॅटिक असू दे, पण काळे कपडे घातलेल्या माणसाच्या घड्या अजिबातच दिसत नसतील तर टीव्हीतलं ब्लॅक लेव्हल बदलून बघा, बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो.