पँटन खुर्ची : चकचकीत की मॅट?

व्हेर्नर पँटन या डॅनिश डिझायनरची ही खुर्ची फोटोत इतकी लाडिक दिसते, की ती बसायची वस्तू आहे हेच विसरायला होतं. चार पाय नाहीत, सांधा नाही, स्क्रू नाही. पाठीपासून जमिनीपर्यंत एकच वळसा, तोही भडक लाल रंगात. व्हिट्रा कंपनीबरोबर काही वर्षं खटपट करून पँटननं ती १९६७ साली लोकांसमोर आणली.

मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत आणि हिच्यात फरक काय, असं कुणी विचारलं तर ते चुकीचं नाही. आजची मॅट, म्हणजे चमक नसलेली पँटन आणि मांडवातली खुर्ची दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच्याच, साच्यात ओतलेल्या. फरक वजन पेलण्यात आहे. मांडवातल्या खुर्चीत भार चार पायांत वाटला जातो. इथे माणूस बसला की सगळा ताण गुडघ्याखालच्या वळणावर येतो. त्या एका वळणापायी या खुर्चीनं किती साहित्यं बदलली पाहा. आधी काचतंतूंचं पॉलिएस्टर. १९६८पासून बायर कंपनीचा कडक पॉलियुरेथेन फोम. तो भक्कम, पण साच्यातून निघाल्यावर पुट्टी भरा, घासा, रंगवा, अशी हातमजुरी फार. १९७१मध्ये स्टायरीनचं प्लॅस्टिक आलं. मशीनमधून खुर्ची तयारच बाहेर पडायची, म्हणून स्वस्त. वळणाखाली आधाराला फासळ्याही दिल्या होत्या. तरी ऊन आणि वयानं ते ठिसूळ होऊन खुर्च्या मोडू लागल्या आणि १९७९मध्ये उत्पादन थांबलं. पुढे फोम परत आला आणि १९९९मध्ये पॉलिप्रॉपिलीन.

म्हणून जुन्या बाजारात ‘ओरिजिनल सत्तरची’ म्हणून कुणी दाखवली तर आधी उलटी करा. वळणाखाली फासळ्या दिसल्या तर ती शोभेला ठेवा, पाहुण्याला बसवू नका.

आज नवी घेताना दोन पर्याय आहेत. ‘क्लासिक’ म्हणजे फोमची, वरून चकचकीत लॅकर मारलेली. पँटनचा रंग तिच्यातच खरा खुलतो. लाल रंग ओला असल्यासारखा दिसतो आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर त्याची गुलाबी झाक पडते. पण टेबलाच्या कडेला आपटली की लॅकरचा टवका उडतो, आणि नुसत्या टवक्यावर रंग लावला तर ठिगळ दिसतं. मॅट खुर्चीत रंग आरपार असतो, त्यामुळे ओरखडा खोल गेला तरी आतून वेगळा रंग डोकावत नाही. किंमतही बरीच कमी. जेवणाच्या टेबलाशी मॅटच घ्यावी. क्लासिक एकच घ्या, कोपऱ्यात, जिथे तिला कुणी ओढत नाही.

पांढरी मॅट मात्र हळदीच्या घरात जपून. वरणाचा थेंब लगेच पुसला नाही तर पिवळा डाग धरतो. साबणाच्या कोमट पाण्यानं न गेलेला डाग उन्हात ठेवल्यावर बराच फिका होतो. तारेची घासणी आणि थिनर लावू नका. मॅट पोत तिथेच गुळगुळीत होतो आणि तो चट्टा कायमचा राहतो. रोजच्या उन्हात लाल विटतो, म्हणून खिडकीजवळची खुर्ची अधूनमधून आतल्या खुर्चीशी बदलत राहा. नाहीतर संचातली एकच फिकी दिसेल.

उंचीकडेही बघा. सध्याच्या खुर्चीची बैठक सुमारे ४४ सेंटीमीटरवर आहे. ७५ सेंटीमीटरच्या टेबलाला ती बरोबर बसते. जुन्या खुर्च्या तीनेक सेंटीमीटर बुटक्या, त्यामुळे ताट छातीशी आल्यासारखं वाटतं. रुंदी जेमतेम ५० सेंटीमीटर आणि कडा वर वळलेल्या, तेव्हा मांडी घालून बसायचं विसरा. हात टेकायला काही नसल्यानं गुडघेदुखीच्या माणसाला उठणं अवघड जातं. एरवी बसायला ती दिसते त्याहून आरामशीर आहे. भार पडला की किंचित लवते. पहिल्यांदा बसणारा दचकतो, पण तो दोष नाही.

नक्कल ओळखायची तर त्याच लवण्यावरून. ताठ, अजिबात न लवणारी असेल तर शंका घ्या. सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबा, डुगडुगता कामा नये. कडेवरून बोट फिरवा, साच्याची धारदार शिवण लागली तर फिनिशिंग कच्चं आहे. आणि प्लॅस्टिकच्या गडद खुर्चीवर गुडघ्याखालच्या वळणावर पांढुरक्या रेषा दिसल्या, तर तिथलं प्लॅस्टिक ताणून थकलंय. पुढे तडा तिथूनच जाईल. अशी खुर्ची निम्म्या किमतीतही घेऊ नका.