कंपनीचे पिस्तूल आणि नंतर बसवलेला घोडा

मागच्या वर्षी इंग्लंडमधील जुन्या शस्त्रांच्या एका मेळ्यात मी ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून विकले जाणारे एक चकमकीचे पिस्तूल १,४५० पौंडांना विकत घेतले, आणि त्याचे दर्शनी भाग बहुतेक मूळचे नाहीत हे मला चार महिन्यांनी कळले. मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या अवजारे बनवणाऱ्या विभागात, आयुष्य काढलेला माणूस आहे, त्यामुळे धातूकाम मला कळत नाही असे म्हणण्याची सोय नाही.

माझे आडनाव ऐकल्यावर विक्रेत्याने गाव विचारले, आणि मी पुणे म्हणताच हे पिस्तूल १८१७ च्या खडकीच्या लढाईत कंपनीच्या एका अधिकाऱ्याजवळ होते, असे तो सांगू लागला. त्याच्याजवळ याचा कागद कोणताही नव्हता. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मात्र कंपनीची हृदयाच्या आकाराची, चार भागांत विभागलेली खूण स्पष्ट दिसत होती. ही खूण १८०८ च्या आधीची. त्या वर्षापासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. खूण खरी होती, म्हणून बाकीचेही खरे असणार असे मी धरून चाललो. लॉक काढून आतून पाहू का, असे मी विचारले तेव्हा दोनशे वर्षांचे स्क्रू आहेत, त्यांची डोकी खराब होतील, असे उत्तर मिळाले, आणि ते मला त्या वेळी जुन्या वस्तूविषयीच्या काळजीचे वाटले.

पुढे तेल देण्यासाठी मी ते दोन स्क्रू सोडवले, तर ते सहज फिरले.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यातील गारगोटी पोलादी झडपेवर आपटते, ठिणग्या खालच्या कानातील (छोट्या वाटीतील) रंजकावर, म्हणजे बारीक दारूवर, पडतात आणि नळीच्या बाजूच्या छिद्रातून आग आत जाते. अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले, पुढे तशी दारू भरलेली तांब्याची टोपी आली, आणि असंख्य जुनी पिस्तुले टोपीची करून घेण्यात आली. कान व झडप काढायची, त्यांच्या स्क्रूंची भोके बुजवायची, घोडा बदलायचा आणि नळीच्या छिद्राच्या जागी टोपी बसवण्याची निप्पल लावायची, असे ते काम असे. हा बदल त्या काळातला असल्याने तोही वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. पण संग्राहक चकमकीच्या पिस्तुलाला जास्त किंमत देतात, म्हणून पुढे अनेकांनी हीच पिस्तुले नवे भाग घालून पुन्हा चकमकीची केली.

माझ्या पिस्तुलाचे नेमके तेच झाले होते. पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी पॉलिश करत नाही, तिथे बुजवलेल्या भोकांची वर्तुळे दिसत होती, आणि त्यातल्या एका वर्तुळाला चिकटून नवे भोक पाडलेले होते. रंजकाचा जाळ ज्या धातूला खातो तो धातू म्हणजे छिद्राभोवतीचा. माझ्या नळीवर ती जागा गुळगुळीत होती, तर घोडा आणि कान मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखे खड्डे पडलेले होते. गंज इतका शिस्तीत लागत नाही. ते आम्लाचे काम असावे. भिंगातून पाहिल्यावर छिद्राभोवती आटे पाडून बसवलेल्या बुचाची बारीक कडाही सापडली.

नळीची गोष्ट निराळीच होती. ती दस्त्यातून बाहेर काढली तेव्हा तिच्या शेपटीखाली लाकडाच्या पातळ चिपा भरलेल्या निघाल्या, आणि नळीवर मुकुट व तिरक्या राजदंडांसह बी, पी, सी ही अक्षरे होती. ही बंदुकांच्या नळ्या तपासून खूण मारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची खूण, आणि ते चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. १८०८ पूर्वीचे लॉक आणि १८१३ नंतरची नळी एकत्र जन्मलेली असू शकत नाहीत. (त्या चाचणीगृहाच्या दारावरून मी कित्येक वर्षे जात-येत आहे.) शस्त्रागारात नळी बदलली जात असे हे खरे, पण तिथला कारागीर फटी चिपांनी भरणार नाही.

ब्रिटनमध्ये शोभेची वस्तू म्हणून ठेवलेल्या अशा पुरातन ठासणीच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर सरकारी कागद येत नाही. हाती राहते ती केवळ पावती. माझ्या पावतीवर ‘चकमकीचे लष्करी पिस्तूल, जुने’ एवढेच होते. ‘सगळे भाग मूळचे’ आणि ‘खडकी’ हे शब्द तोंडीच राहिले. सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागण्याची कायद्यातील 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, आणि तोंडी शब्दांसाठी भांडायला माझ्याजवळ साक्षीदार नव्हता. विक्रेत्याने पत्रात ‘जुन्या काळची दुरुस्ती’ असे लिहून २०० पौंड परत देऊ केले, ते मी घेतले.

आता मी दुसरे पिस्तूल पाहतो तेव्हा पातळ पात्याचा स्क्रूड्रायव्हर, भिंग आणि छोटा टॉर्च बरोबर नेतो, लॉक काढू न देणाऱ्याचे टेबल सोडतो, आणि घोडा, झडप, कान व नळी यांपैकी काय बदललेले आहे ते विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घेतो. हे पिस्तूल या वसंतात मी एका संग्राहकाला ६०० पौंडांना दिले. त्याच्या पावतीवर बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद केली आणि खडकीचा उल्लेख केला नाही.