मूडल की गुगल क्लासरूम? आपल्या सर-मॅडमसाठी
दोन्ही ऑनलाइन शिकवायची, असाइनमेंट अन् क्विझ घ्यायची साधनं. क्लासरूम २०१४ पासून आहे अन् सुरू करायला लई सोपं, वर्ग तयार करा, कोड व्हॉट्सॲपवर टाका, पोरं आत. नोट्स अन् असाइनमेंटला तेवढं बास. मूडल २००२ चं, फुकटच, पण सर्व्हर अन् तो सांभाळणारा माणूस लागतो, सुरुवातीला सर-मॅडमना किचकटच वाटतं. पण प्रश्नपेढी एकदा नीट भरली की प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात, अन् क्विझच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनला परवानगी दिली की जिंतूरकडच्या खेड्यातलं पोरगं रेंज असताना ॲपमध्ये क्विझ उतरवून घेतं, घरी सोडवतं, रेंज आली की सिंक करतं (टाइम लिमिट मात्र लावायची नाही, नाहीतर ऑफलाइन चालत नाही). सांभाळणारा माणूस असेल तर मूडलच घ्या, आपल्या पोरांसाठी तेवढी मेहनत घ्यायलाच पाहिजे.