फॉरेन्सिक फाइल्स की कोल्ड केस फाइल्स: आधी काय बघावं?

माझी भाची यंदा फॉरेन्सिक सायन्सच्या पहिल्या वर्षाला गेली. गणपतीत घरी आली तेव्हा तिने विचारलं, "मामा, तू खऱ्या खुनांच्या या मालिका इतकी वर्षं बघतोयस. फॉरेन्सिक फाइल्स बघू की कोल्ड केस फाइल्स? दोन्हींना वेळ नाहीये माझ्याकडे." आरतीची वेळ झाली होती. "दोन्ही चांगल्या आहेत" एवढं बोलून मी उठलो. ते खोटं नव्हतं, पण तिच्या काही उपयोगाचंही नव्हतं. तिच्यासारखा प्रश्न आणखीही कुणाला पडला असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही मालिका अमेरिकन आहेत, दोन्हींत खरी प्रकरणं आणि खरे तपास अधिकारी दिसतात. सीआयडीतल्या डॉ. साळुंखेंनी आपल्याला प्रयोगशाळेची गोडी लावली, पण तिथे अहवाल पाच मिनिटांत यायचा. या दोन मालिकांत तो कधी पाच महिन्यांनी येतो, कधी पंधरा वर्षांनी. 'द फर्स्ट 48' नावाची तिसरीही एक मालिका आहे. ती चांगली आहे, पण तिचा सगळा भर चौकशीच्या खोलीवर आणि घड्याळावर असतो. विज्ञान बघायचं असेल तर ती सध्या बाजूला ठेवा.

फॉरेन्सिक फाइल्स 1996 मध्ये 'मेडिकल डिटेक्टिव्ह्ज' या नावाने सुरू झाली आणि 2011 पर्यंत तिचे सुमारे चारशे भाग झाले. जाहिराती वगळल्या तर एक भाग जेमतेम बावीस मिनिटांचा. आमच्या घरी जेवणं आटोपून ओटा आवरेपर्यंत एक भाग होतो, आणि माझ्या बायकोला ही मालिका जास्त आवडते त्याचं हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण पीटर थॉमस यांचा आवाज. त्या आवाजात कुठेही घाई नाही, खुनाचं वर्णन करताना चटक लावणं नाही. एखादे जुने, अनुभवी डॉक्टर शांतपणे रिपोर्ट समजावून सांगतात, तसं वाटतं. थॉमस 2016 मध्ये 91 व्या वर्षी वारले. 2020 मध्ये मालिका नव्या रूपात आली, निवेदकही नवे आले. ते वाईट नाहीत, पण आमचा कान अजून जुन्याच आवाजाला सरावलेला आहे.

या मालिकेची खरी ताकद वस्तूंमध्ये आहे. दर भागात एखादी क्षुल्लक वस्तू मध्यभागी येते आणि सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. पहिल्याच भागातलं प्रकरण कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउनचं. 1986 च्या नोव्हेंबरात एक हवाई सुंदरी घरातून नाहीशी झाली. नवरा वैमानिक. त्याने फांद्यांचा भुगा करणारं अवजड यंत्र भाड्याने आणलं होतं, आणि बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकाने ते रात्री नदीकाठी चालू असलेलं पाहिलं होतं. हेन्री ली या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्या काठावरून दोन हजारांहून जास्त केस, हाडांचे तुकडे आणि दातावरची एक टोपी गोळा झाली. मृतदेह मिळाला नाही. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण 1989 मध्ये दुसऱ्या खटल्यात नवरा दोषी ठरला. मृतदेह नसताना खुनाची शिक्षा होण्याची कनेटिकटमधली ती पहिलीच वेळ होती.

ॲरिझोनाचं 1992 चं प्रकरण मला त्याहून आवडतं. एका स्त्रीचा मृतदेह वाळवंटात पालो व्हेर्देच्या झाडाजवळ सापडला. झाडाची साल खरचटलेली होती. संशयिताच्या पिकअप ट्रकमध्ये त्याच जातीच्या झाडाच्या शेंगा मिळाल्या. पण वाळवंटात तशी असंख्य झाडं. विद्यापीठातल्या एका वनस्पती-शास्त्रज्ञाला विचारलं गेलं, की माणसासारखं झाडही डीएनएवरून ओळखता येईल का? त्याने आधी परिसरातली इतर झाडं तपासली आणि प्रत्येक झाड दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येतं याची खात्री करून घेतली. मग शेंगांकडे वळला. झाडाच्या डीएनएचा पुरावा फौजदारी न्यायालयात टिकला, तो इथे. असं काही बघितलं की त्या रात्री झोप उशिरा लागते, आणि तीही भीतीमुळे नव्हे.

आता मला जे खटकतं त्याकडे येतो. ते सांगायला माझा एक अनुभव आधी सांगावा लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली आणि वॉचमनवर हल्ला झाला. पोलिसांना पंच हवे होते. मी आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, असे आम्ही दोघं उभे राहिलो. रक्ताचा डाग असलेला पडद्याचा तुकडा कापला, खाकी लिफाफ्यात घातला, वर लेबल लावलं, आमच्या सह्या घेतल्या, लाखेचं सील केलं. असे काही लिफाफे झाले. दीड-दोन तासांत पंचनामा उरकला आणि मी घरी येऊन आंघोळ केली. पाच वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. आरोपीच्या वकिलांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "लिफाफे किती होते?" मी सांगितलं, तीन. पंचनाम्यात चार होते. पुढचा प्रश्न आला, सील तुमच्यासमोर केलं की आधीच केलेलं होतं? समोर केलं होतं, मला आठवत होतं. पण तीन आणि चारच्या त्या फरकानंतर माझ्या आठवणीची किंमत किती उरली हे मला पिंजऱ्यात उभं असतानाच कळलं होतं. त्या लिफाफ्यात कुणाचं तरी आयुष्य होतं. ज्याला मार बसला त्याचं, आणि जो आरोपी म्हणून समोर बसला होता त्याचंही.

तेव्हापासून फॉरेन्सिक फाइल्समधलं एक वाक्य मला टोचतं: "जुळलं." निवेदक ते शांतपणे म्हणतो, संगीत थांबतं, पडद्यावर दोन नमुने शेजारी शेजारी दिसतात आणि विषय संपतो. पण किती जुळलं? दुसऱ्या किती जणांशी जुळलं असतं? तो लिफाफा मधल्या काळात कुठे होता, कुणी उघडला? पुरावा घटनास्थळावरून निघतो तो थेट सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मधला रस्ता बहुतेक वेळा कापलेला असतो. बावीस मिनिटांत तो बसत नाही, हे मी समजू शकतो. पण भागामागून भाग बघत गेलं की त्या 'जुळलं'ची सवय लागते, आणि ही सवय घातक आहे असं माझं मत झालं आहे.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. सुरुवातीच्या काही भागांत केस सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून जुळवले जातात. एफबीआयने आपल्याच तज्ज्ञांच्या 2000 पूर्वीच्या साक्षी तपासायला घेतल्या, तेव्हा 2015 मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं की तपासलेल्या खटल्यांपैकी निदान 90 टक्के खटल्यांत केसांबद्दलची विधानं चुकीची होती. दातांच्या चाव्याच्या खुणांचंही तेच. फिनिक्सच्या रे क्रोनला अशा खुणेवरून 1992 मध्ये दोषी ठरवलं गेलं, फाशी सुनावली गेली, आणि 2002 मध्ये डीएनएने दाखवलं की खुनी दुसराच होता. 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अहवाल दिला, त्याचा मथितार्थ असा: डीएनए सोडला तर नमुना अमुक एका माणसाचाच आहे, असं खात्रीने सांगण्याची क्षमता इतर कुठल्याच पद्धतीने काटेकोरपणे सिद्ध केलेली नाही.

मायकल पीटरसन या कादंबरीकाराच्या प्रकरणावरही फॉरेन्सिक फाइल्सचा भाग आहे. 2001 मध्ये त्याची पत्नी जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडली. रक्ताच्या शिंतोड्यांचा अर्थ लावणाऱ्या तज्ज्ञाच्या साक्षीचा 2003 च्या निकालात मोठा वाटा होता. 2011 मध्ये न्यायाधीशांनी पुन्हा खटला चालवण्याचा आदेश दिला, कारण त्या तज्ज्ञाने स्वतःच्या अनुभवाबद्दल ज्यूरीची दिशाभूल केली होती. पीटरसनने गुन्हा केला की नाही, यावर आजही वाद आहे आणि मी त्यात पडत नाही. पण तो भाग आज लावला तर आवाज तितकाच शांत आणि तितकाच ठाम आहे. मालिका निकालापाशी थांबली, प्रकरण पुढे गेलं.

कोल्ड केस फाइल्स 1999 पासून आहे. तिचे निवेदक बिल कर्टिस. 2017 च्या नव्या पर्वाला डॅनी ग्लोव्हर यांचा आवाज होता, पुढे कर्टिस परत आले. तिच्यात दोष आहेत आणि ते मी लपवत नाही. भाग तासाभराचे आहेत, लांबतात. दर विश्रांतीनंतर मागची गोष्ट पुन्हा सांगतात. आता जाहिराती नसल्या तरी ती उजळणी तशीच आहे, आणि तेवढ्यात माझी बायको उठून पाणी पिऊन येते. रडणारे नातेवाईक दाखवताना कॅमेरा गरजेपेक्षा जास्त वेळ थांबतो. विज्ञान म्हणाल तर त्यात वैविध्य कमी आहे, फिरून फिरून गोष्ट डीएनएवर येते.

पण या मालिकेत मला लिफाफा दिसतो. दुसऱ्या एखाद्या मालिकेत तो दोन सेकंद दिसला असता, इथे त्याच्याभोवतीच गोष्ट उभी राहते. वीस वर्षांपूर्वीचं पुठ्ठ्याचं खोकं, पिवळी पडलेली लेबलं, अंधाऱ्या गोदामातली मांडणी. आणि तेव्हा काहीच करता येत नसताना नमुना नीट सुकवून, पाकिटात घालून, नाव-तारीख लिहून ठेवणारं कुणीतरी. 1980 च्या दशकात डीएनए चाचणीला रक्ताचा बऱ्यापैकी मोठा डाग लागायचा. पुढे पीसीआर या तंत्राने अगदी कणभर नमुन्यातल्या डीएनएच्याही प्रती काढता यायला लागल्या. 1998 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय डीएनए नोंदवही सुरू झाली, आणि जुनी खोकी एकाएकी बोलायला लागली. मालिकेचा जन्म नेमका त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे, त्यामुळे तिच्या बऱ्याचशा गोष्टींच्या मुळाशी हाच बदल आहे.

हे समजून घ्यायला सिॲटलजवळच्या ग्रीन रिव्हरचं प्रकरण घ्या. 1982 पासून तिथे एकामागून एक तरुणींचे मृतदेह सापडत होते. गॅरी रिजवे संशयित होता, पण हाताशी काही नव्हतं. 1987 मध्ये पोलिसांनी त्याच्याकडून गॉजचा तुकडा चावून घेतला आणि लाळेचा तो नमुना जपून ठेवला. त्या वेळच्या तंत्राने त्याचा फारसा उपयोग नव्हता. 2001 मध्ये नव्या पद्धतीने तपासणी झाली आणि नोव्हेंबरात त्याला अटक झाली. पुढे त्याने 49 खुनांची कबुली दिली. चौदा वर्षं तो गॉज कुठल्याशा कपाटात पडून होता. कुणीतरी तो फेकून दिला नाही, याची मला त्या प्रयोगशाळेतल्या यंत्राहून जास्त कृतज्ञता वाटते.

आणखी एक गोष्ट. या मालिकेत जुने अधिकारी कॅमेऱ्यासमोर सांगतात, की आम्ही चुकीच्या माणसामागे लागलो होतो. डीएनएने वर्षानुवर्षं संशयाखाली जगलेल्या शेजाऱ्याची, मित्राची सुटका होते, आणि त्यालाही गोष्टीत जागा मिळते. माझ्या तीन आणि चार लिफाफ्यांनंतर मला हे ऐकणं गरजेचं वाटतं.

आपल्याकडेही दिवस बदलत आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे, पंचांच्या सह्यांसकट. असं चित्रीकरण त्या वेळी असतं, तर लिफाफे किती हे मला विचारायची गरजच पडली नसती. माझ्या भाचीच्या पिढीला हे काम प्रत्यक्ष करायचं आहे. तिने नमुना 'जुळवायला' शिकण्याआधी तो जपायला शिकावा, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा, विज्ञानाच्या किती वाटा आहेत हे पटकन बघायचं असेल, रात्री अर्धाच तास मिळत असेल, तर फॉरेन्सिक फाइल्स घ्या. तुमचं काही चुकणार नाही. माझ्या घरातच एक मत तिच्या बाजूने आहे. फक्त भाग संपला की त्या खटल्याचं पुढे काय झालं, हे एकदा शोधून बघा. पण एकच मालिका लावून बसायचं असेल, आणि त्यातही तुम्ही या क्षेत्रात शिकत असाल, तर मी कोल्ड केस फाइल्सकडे बोट दाखवीन. उजळणीची दोन-दोन मिनिटं पुढे ढकला आणि बाकीचं सावकाश बघा.

एक अपवाद मात्र ठेवा. फॉरेन्सिक फाइल्सचा मांजराचा भाग कुठल्याही परिस्थितीत बघा. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर 1994 मध्ये एका स्त्रीचा खून झाला. रक्ताने माखलेल्या चामड्याच्या जाकिटावर पांढरे केस मिळाले. ते माणसाचे नव्हते, मांजराचे होते. संशयिताच्या घरी स्नोबॉल नावाचं पांढरं मांजर होतं. मेरीलँडमधल्या शास्त्रज्ञांनी स्नोबॉलचं रक्त तपासलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बेटावरची मांजरं एकमेकांच्या नात्यातली निघाली तर पुरावाच कोसळेल, म्हणून त्यांनी तिथल्या वीसेक इतर मांजरांचेही नमुने मागवले आणि ती एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहेत हे आधी पाहून घेतलं. जुळलं हा शब्द त्यांनी त्यानंतरच उच्चारला.