डॉक्टर व्हायचं नक्की नसेल तर अकरावीला काय घ्यावं: पीसीबी, पीसीएम की पीसीएमबी?

डॉक्टरच व्हायचं असं ज्यांचं पक्कं ठरलंय, त्यांना अकरावीचे विषय भरताना फार विचार करावा लागत नाही. अडतात ती 'बघू, जमलं तर' म्हणणारी मुलं. दहावीला गुण चांगले आहेत, विज्ञान आवडतं, घरात कुणी ना कुणी 'डॉक्टर हो' म्हणतंय. पण मनापासून हो निघत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गणितवाले आणि जीवशास्त्रवाले दोघेही माझ्या तासाला एकत्र बसतात, त्यामुळे कुणाचं कुठे अडतं ते रोज समोर दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकते: डॉक्टरकीचं नक्की नसेल आणि गणिताचा तिटकारा नसेल, तर पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र; यातलं गणित वगळलं तर पीसीबी, जीवशास्त्र वगळलं तर पीसीएम) घ्यावं. मात्र चारही विषय खरोखर शिकायची तयारी हवी. ती नसेल तर उरलेल्या दोनपैकी एक पर्याय जास्त शहाणपणाचा ठरतो, आणि तो कोणता हे प्रत्येकासाठी वेगळं असतं.

आधी ओझ्याचा हिशेब

राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत यांसारखी एखादी भाषा किंवा आयटी. त्यानंतर चार ऐच्छिक विषय. (पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे याहून वेगळे.) चारपैकी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या चर्चेत ठरलेलेच धरू. म्हणजे वाद उरतो फक्त दोन जागांचा. दोन्ही जागी गणित आणि जीवशास्त्र घेतलं की ते पीसीएमबी, कॉलेजच्या भाषेत 'जनरल सायन्स'. गणित सोडलं तर त्या जागी भूगोल, मानसशास्त्र असा एखादा विषय येतो. जागा रिकामी राहत नाही.

त्यामुळे 'पीसीएमबी म्हणजे एक विषय जास्त' हे बऱ्याच पालकांचं गणित मुळातच चुकतं. विषय तितकेच असतात, एक हलका विषय जाऊन एक जड विषय येतो. हा फरक मोठा आहे, पण तो जसा आहे तसाच मोजावा.

बायफोकलची गोष्ट निराळी. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर तो २०० गुणांचा विषय दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोन जागा खातो. गणित ठेवायचं म्हटलं की जीवशास्त्र आपोआप जातं. 'गुण चांगले पडतात' म्हणून बायफोकल सुचवलं जातं आणि ते खरंही आहे. पण डॉक्टरकीची शक्यता थोडीशीही जिवंत असेल, तर अर्ज भरताना हे ध्यानात असू द्या.

पीसीबी: सरळ वाट, पण पुढे अरुंद

वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा म्हणजे नीट. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले ३६० गुण जीवशास्त्राचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे १८०-१८०. एमबीबीएस, बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांना नीट लागते, पशुवैद्यकीय पदवीलाही तीच, आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. नीटच्या बाहेर बी.एस्सी. नर्सिंग आहे, त्याची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, राज्यात वेगळी होते. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी गटातून फार्मसी आणि कृषी मिळतं. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांतलं बी.एस्सी. तर आहेच.

बंद काय होतं? अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, एनडीएतल्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या) नौदल आणि हवाई दलाच्या शाखा, व्यावसायिक वैमानिक. संख्याशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या बी.एस्सी.लाही बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित मागतात.

'बघू, जमलं तर' म्हणणाऱ्याने आणखी एक आकडा समोर ठेवावा. २०२५ च्या नीटला २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या बऱ्याच खासगी किंवा अभिमत महाविद्यालयांत, जिथली फी सर्वसामान्य घराला झेपत नाही. म्हणजे शंभरातल्या पाच-सहा जणांना एमबीबीएस मिळतं, सरकारी त्याहून कमी जणांना. नीट देणाऱ्या बहुतेक मुलांना शेवटी दुसरीकडे वळावं लागतं. पीसीबी घेतलेल्यासाठी ती दुसरी वाट वर सांगितलेल्या विषयांपुरतीच असते. त्या विषयांत मन रमत असेल तर चिंता नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, कृषी ही पोटभर काम देणारी, मानाची क्षेत्रं आहेत. पण 'एमबीबीएस नाही तर इंजिनिअरिंग' असा विचार डोक्यात असेल, तर नुसतं पीसीबी घेऊन तो विचार पुरा होणार नाही.

गणित सोडलेल्यांचं भौतिकशास्त्र

या मुद्द्यावर मी थोडी जास्त थांबते, कारण प्रवेशाच्या वेळी हे कुणीच सांगत नाही.

राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे: सदिश (व्हेक्टर), विकलन (डिफरन्सिएशन), संकलन (इंटिग्रेशन). पुढची सगळी गती, बल, ऊर्जा त्यावर उभी. बारावीला परिवलन गती आणि दोलनं येतात, तेव्हा विकलन हातात बसलेलं नसेल तर सूत्र कुठून आलं हेच कळत नाही. रसायनशास्त्रातही सुटका नाही. पीएच काढायला लॉग लागतो, अभिक्रियेच्या वेगाची समीकरणं सोडवायला संकलन लागतं.

गणित ठेवलेल्या मुलांनाही हे सुरुवातीला जड जातं. पण त्यांचा गणिताचा शिक्षक तेच विकलन पुन्हा, सावकाश, पन्नास उदाहरणांनी शिकवतो आणि हात बसतो. गणित सोडलेली मुलं माझ्या तासाला जेवढं कानावर पडेल तेवढ्यावर भागवतात आणि मग सूत्रं पाठ करतात. पाठांतरावर बारावी निघते. नीटमध्ये मात्र भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न असतात, चुकलेल्या उत्तराला एक गुण जातो, आणि जीवशास्त्र उत्तम असलेली कितीतरी मुलं तिथेच मागे पडतात. डॉक्टर व्हायचंच असं ठरवलेल्यांनीही अकरावीचं गणित ठेवावं असं मला वाटतं ते यासाठी.

पीसीएम: वैद्यकापासून वाटतं तितकं लांब नाही

पीसीएमला काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात: अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, संरक्षण दलं, गणित-संख्याशास्त्र. फार्मसी आणि कृषी पीसीएमलाही मिळतं.

कमी ठाऊक आहे ते रुग्णालयातलं काम. एमआरआय यंत्रं, डायलिसिसची यंत्रं, कृत्रिम अवयव यांच्यामागे बायोमेडिकल इंजिनिअर असतो. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा गणित करून ठरवणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो, आणि त्या वाटेवर जीवशास्त्राइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, गणित लागतं. रुग्णांच्या उपयोगी पडायचंय पण रक्त बघवत नाही, पाठांतर जमत नाही, अशी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांनी डॉक्टरकी सोडली म्हणजे रुग्णालय सोडलं असं होत नाही.

आणि पुढे मन बदललं तर? इथे २०२३ मध्ये मोठा बदल झाला. पूर्वी अकरावी-बारावीला नियमितपणे जीवशास्त्र शिकलेल्यांनाच नीट देता यायची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने स्पष्ट केलं, की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसता येईल. नीटला वयाची वरची मर्यादा नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढंच.

म्हणजे पीसीएम घेतलं म्हणून डॉक्टरकी कायमची गेली, हे आता खरं नाही. तरी ही वाट मी आधीपासून धरून चालायला सांगणार नाही. बारावीनंतरचं वर्ष त्यात जातं, प्रात्यक्षिकांसह विषय उत्तीर्ण व्हावा लागतो, आणि नीटच्या निम्म्या गुणांचा विषय तुम्ही अगदी पहिल्यापासून सुरू केलेला असतो.

पीसीएमबी: सगळं उघडं, पण फुकट नाही

पीसीएमबीवाला नीट देऊ शकतो, अभियांत्रिकीची देशपातळीवरची जेईई देऊ शकतो, एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट देऊ शकतो. शिवाय एक वाट अशी आहे जी खास याच मुलांसाठी आखल्यासारखी वाटते: मूलभूत विज्ञानाची. पुण्याच्या आयसरसह (मूलभूत विज्ञान शिकवणारी केंद्रीय संस्था) देशातल्या सगळ्या आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५. चारही विषय येणाऱ्याला तिथे उघड फायदा आहे. रोग बरा करण्यापेक्षा रोग होतो कसा हे शोधण्यात ज्यांना जास्त रस, त्यांनी ही परीक्षा जरूर बघावी. आपल्याकडे तिची चर्चा फार कमी होते.

आता किंमत. नीटची तयारी करता करता 'गणित पास होण्यापुरतं करू' असं ठरवणारी मुलं बरीच असतात. त्यांनी एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाची रचना बघावी: २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. बारावीच्या अभ्यासक्रमाला साधारण ८० टक्के वजन, अकरावीला २० टक्के. पास होण्यापुरत्या गणितावर इथे चांगला पर्सेंटाइल येत नाही, आणि मग राखून ठेवलेली वाट प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही.

दुसरा धोका 'इंटिग्रेटेड'चा, म्हणजे क्लास आणि कॉलेज एकत्र जोडलेल्या व्यवस्थेचा. मूल नीटच्या बॅचमध्ये, कॉलेज फक्त नावाला. अर्जावर चारही विषय आहेत, पण नीटच्या बॅचला गणिताचा तासच नाही. परीक्षेच्या तोंडावर मूल गणिताचं पुस्तक पहिल्यांदा उघडतं. विषय निवडणं आणि क्लास निवडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. आपल्याकडे जूनमध्ये दोन वर्षांची फी भरून दुसरा निर्णय आधी होतो आणि पहिला त्याच्यामागे फरफटत जातो. नक्की नसलेल्या मुलाने निदान अकरावीचं पहिलं सत्र नीट किंवा जेईईच्या बॅचमध्ये अडकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कुणी काय घ्यावं

दोन्ही विषयांत बरे गुण, कुठलाच नकोसा नाही: पीसीएमबी, आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा विचार.

जीवशास्त्र मनापासून आवडतं, गणित दहावीलाच कसंबसं सुटलं आणि त्याची धास्ती आहे: पीसीबी घ्यावं. इथे मी गणित लादणार नाही. भौतिकशास्त्रापुरतं विकलन-संकलन सुट्टीत कुणाकडून तरी शिकून घ्यावं. धास्तीपायी चारही विषय बिघडलेली मुलं मी पाहिली आहेत.

गणित हसत हसत सुटतं, जीवशास्त्र फक्त आईवडिलांसाठी: पीसीएम. आईबाबांना २०२३ चा नियम दाखवा आणि शांतपणे बोला. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर वर्षाची बंधनाची सेवा, पुढे तीन वर्षं पदव्युत्तर. एवढा काळ दुसऱ्याच्या इच्छेवर काढणं फार कठीण जातं.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अकरावीला विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असतात. गणितात त्याचा त्रास कमी होतो, जीवशास्त्रात मात्र पानापानावर नवा शब्द. पहिल्या घटक चाचणीत जीवशास्त्राचे गुण पडले म्हणून 'मला हा विषय जमत नाही' असं ठरवू नका. बहुतेकदा तो इंग्रजीचा अडथळा असतो आणि पहिल्या सत्राच्या शेवटी ओसरतो. दहावीनंतरच्या सुट्टीत बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक उतरवून घ्या आणि पेशी विभाजन, उत्सर्जन अशी दोन प्रकरणं शब्दकोश घेऊन वाचा. वाचून झाल्यावर पुढचं पान उलटावंसं वाटतं का ते बघा. भौतिकशास्त्राच्या त्या दुसऱ्या प्रकरणातली चार-पाच उदाहरणंही सोडवून पाहा.

प्रवेश घेताना कार्यालयात तीन गोष्टी विचारून ठेवा. गणित आणि जीवशास्त्राचे तास एकमेकांवर येतात का? काही कॉलेजांत येतात, आणि मग पीसीएमबी नुसतं नावाला राहतं. दोन्ही विषयांना आठवड्याला किती तास आणि कोण शिकवणार? आणि विषय बदलायचा झाला तर अर्ज कोणत्या तारखेपर्यंत घेतात? ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.