शहर ठरतानाच सापळा लागतो: गोव्यातल्या 110 खोल्यांचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विक्रेता संघटनेचं वार्षिक अधिवेशन नोव्हेंबरात गोव्यात व्हायचं होतं. 220 प्रतिनिधी, दोघांत एक अशा 110 खोल्या, दोन रात्री. जेमतेम तीन आठवडे उरले असताना हॉटेलने कळवलं की संघटनेच्या नावावर एकही खोली नाही. तोवर मधल्या इव्हेंट एजन्सीकडे 8 लाख 97 हजार 600 रुपये जमा झाले होते. एजन्सीचं नाव इथे देत नाही, पद्धत मात्र जशीच्या तशी देतो.

पैसे गेले ते बरंच पुढे. खरी मेख होती शहरांच्या तुलनेच्या तक्त्यात. गोवा, जयपूर आणि हैदराबाद असे तीन पर्याय एका पानावर मांडले होते आणि त्यात गोवा सगळ्यांत स्वस्त दिसत होता. दर खोटे नव्हते, पण ते एकमेकांशी ताडून बघण्यासारखेही नव्हते. जयपूरचा दर शनिवार-रविवारचा, तोही तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांतला. त्या दिवसांत तिथली मोठी हॉटेलं लग्नांनी भरलेली असतात, दर चढणारच. गोव्याचा दर सोमवार-मंगळवारचा. जयपूर आणि हैदराबादच्या आकड्यात सगळी जेवणं आणि कर धरलेला. गोव्याच्या एका खोलीच्या एका रात्रीच्या 6,800 रुपयांत खोली आणि नाश्ता, एवढंच. दोन दुपारची आणि दोन रात्रीची जेवणं माणशी 1,200 रुपयांनी धरली तर 220 जणांचे 10 लाख 56 हजार होतात, कर वेगळा. खोल्यांचं सगळं भाडं 14 लाख 96 हजार होतं, म्हणजे तक्त्यातून गळालेली रक्कम भाड्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त होती.

म्हणून दर मागवायचे ते आपल्या कागदावर. तारखा आणि वार, खोल्यांची संख्या, एका खोलीत किती जण, कोणती जेवणं, कर धरून की वगळून, सभागृहाचं भाडं वेगळं की जेवणात धरलेलं, हे सगळं आपण लिहून द्यायचं आणि तिन्ही शहरांच्या हॉटेलांकडून त्याच रकान्यांत उत्तर घ्यायचं. एजन्सी कितीही चांगली असली तरी हॉटेलचा मूळ मेल मागायचा.

प्रवासाचंही तेच. विमानभाडं मोपाचं दाखवलं होतं आणि हॉटेल होतं दक्षिण गोव्यात, मोबोरच्या बाजूला. मोपा विमानतळ पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. तिथून मोबोर 80 किलोमीटरच्या वर पडतं. दाबोळीच्या जुन्या विमानतळाहून तासाभरात पोचता येतं. बसभाड्याचा रकाना तक्त्यात नव्हताच.

सभागृहाबद्दल थोडक्यात. ‘500 क्षमता’ ही नुसत्या खुर्च्या ओळीने लावल्या तर. गोल टेबलं, मंच, पडदा आणि मधली वाट काढली की तिथे 220 माणसं बसताना नाकी नऊ येतात. शिवाय जेवण त्याच सभागृहात असेल तर टेबलं पुन्हा लावायला लागणारा वेळ कार्यक्रमातून जातो. टेबलांसकट आखलेला नकाशा मागा.

आता मुख्य डाव. एजन्सीने ‘इफ्फीमुळे खोल्या संपत चालल्यात, दुसरी पार्टी टपून आहे’ असं सांगून दोन दिवसांत 60 टक्के रक्कम मागितली. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव नोव्हेंबरात असतो हे खरं, पण त्याची गर्दी पणजीच्या आसपास; मोबोरला त्याची झळ कमीच. तरीही संघटनेच्या अधिवेशन समितीने सावधगिरी म्हणून हॉटेलला फोन केला. विक्री विभागाने सांगितलं, ‘हो, त्या तारखांना तुमच्या संघटनेसाठी ब्लॉक आहे.’ समिती निर्धास्त झाली.

हॉटेलवाला खोटं बोलला नव्हता. ब्लॉक (राखून ठेवलेल्या खोल्या) होता, पण टेंटेटिव्ह, म्हणजे कच्चा. कुठलीही एजन्सी एक पैसा न भरता असा ब्लॉक टाकून घेऊ शकते. त्याला ऑप्शन डेट असते. त्या तारखेपर्यंत करार आणि आगाऊ रक्कम आली नाही की खोल्या आपोआप सुटतात. एजन्सीने समितीच्या तिघांना हॉटेल दाखवायला नेलं, हॉटेलने त्यांना फुकट जेवू घातलं, त्यालाही फार अर्थ नव्हता. येऊ घातलेल्या धंद्यासाठी हॉटेलं हे एरवीही करतात. फोनवर विचारायचं ते असं: ब्लॉक टेंटेटिव्ह आहे की डेफिनिट (पक्का)? ऑप्शन डेट कोणती? आमच्या नावाने किती रक्कम जमा आहे आणि पावती क्रमांक काय? उत्तर हॉटेलच्या स्वतःच्या डोमेनवरच्या मेलने घ्या. आणि फोन हॉटेलच्या बोर्ड नंबरवर करा, एजन्सीने दिलेल्या मोबाइलवर नको.

पैसे थेट हॉटेलला का दिले नाहीत? इथे आमिष जीएसटीचं होतं आणि ते अर्धं खरं होतं. गोव्यातलं हॉटेल खोलीवर केंद्राचा आणि गोवा राज्याचा जीएसटी लावतं. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या संघटनेला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. कार्यक्रम आयोजनाचं बिल मात्र नोंदणीकृत ग्राहकाला त्याच्या राज्याच्या हिशेबाने लागतं, त्यामुळे क्रेडिट मिळू शकतं. एजन्सीने हेच पटवलं: ‘सगळं आमच्या बिलातून घ्या, कर परत मिळेल.’ खजिनदारांना हा मुद्दा आवडतोच. पण बिल देणाऱ्याने विवरणपत्र भरलंच नाही तर ते क्रेडिट तुमच्या खात्यात दिसत नाही, आणि मुद्दल त्याच्या खिशात असते ते वेगळंच.

त्याच बिलावर एक खूण होती. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27, गोवा 30), पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं. म्हणून क्रमांकातलं सहावं अक्षर बघायचं: कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकट्या व्यक्तीचं असेल तर पी. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर पी! जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला असता तर नोंदणीची तारीख आणि न भरलेली विवरणपत्रंही दिसली असती. आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव पडताळण्याची सोयही आता बँका देतात. तिथे कंपनीऐवजी माणसाचं नाव आलं तर हात आखडता घ्या.

रास्त व्यवहार असा असतो: करार हॉटेल आणि संघटनेत, खोल्यांचे पैसे टप्प्याटप्प्याने हॉटेलच्या खात्यात, साधारण पाव रक्कम करारावेळी. किती खोल्या कोणत्या तारखेपर्यंत दंडाशिवाय सोडता येतील, हे कलम करारात हवंच. एजन्सीची फी वेगळ्या बिलाने, तिच्यावरचं क्रेडिट खुशाल घ्या.

रक्कम अडकलीच असेल तर एजन्सी आधी ‘सात दिवसांत परत करतो’ म्हणते, मग पुढच्या तारखेचा चेक देते. चेकची मुदत तीन महिने. ‘आज टाकू नका’ ऐकत बसलात तर ती संपते. न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, त्यानंतर पैसे द्यायला 15 दिवस, आणि तेही उलटल्यावर महिन्याभरात चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली न्यायालयात तक्रार. रक्कम नुकतीच ऑनलाइन गेली असेल तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ हे ऐकायची तयारी ठेवा. या प्रकरणात एजन्सीने हॉटेलच्या लेटरहेडवरचं कन्फर्मेशन पत्र पाठवलं होतं, आणि ते पत्र आपण दिलेलं नाही असं हॉटेलने मेलने लिहून दिलं. त्या एका मेलमुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालच्या फसवणुकीसोबत बनावट दस्तऐवजाचाही मुद्दा तक्रारीत आला. म्हणून आलेली पीडीएफ मूळ मेलसकट जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट काढून मेल पुसू नका.